दहा मिनिटं पुढचं घड्याळ

डोंबिवलीत एकाही घरातलं घड्याळ खरं बोलत नाही, असं मधुकर फणसे यांचं ठाम मत होतं आणि कुणी विचारायची वाट न बघता ते ऐकवत. कुणाचं पाच मिनिटं पुढे, कुणाचं सात, आणि त्यांच्या स्वतःच्या घरातलं, म्हणजे ज्या घरचा कर्ता पुरुष वेळेचीच नोकरी करत होता त्या घरातलं, चांगलं दहा मिनिटं पुढे. कारण काय, तर आठ-दोनची गाडी चुकू नये. घड्याळात आठ वाजलेले दिसले की माणूस दचकतो, पायात चपला सरकवतो, मग त्याला आठवतं की अजून दहा मिनिटं आहेत. मग तो निवांत पाणी पितो, देवाला नमस्कार करतो आणि शेवटी व्हायचं ते होतंच, धावत सुटतो. स्वतःच लावलेल्या खोट्याला स्वतःच फसायचं, आणि ते खोटं आहे हे लक्षातही ठेवायचं, याला वेळ म्हणतात का, असा मधुभाऊंचा सवाल असे.

सवाल बायकोला असे. सरोज ठाण्याच्या कोर्टात स्टेनो होती. ती म्हणे, एकोणीस वर्षांत मला एकदाही उशिराची लाल खूण पडलेली नाही, ती या घड्याळामुळे. यावर मधुभाऊ जास्तच चिडत. भिंतीवरचं ते चावीचं घड्याळ तिच्या माहेरचं होतं. तेव्हा त्याला हात लावायची सोय नव्हती.

मधुभाऊ मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत तंत्रज्ञ होते. बहात्तर साली चिकटले ते चिकटलेच. संस्थेची दुर्बीण सातपुड्यातल्या एका पठारावर होती. दुर्बीण म्हटलं की लोकांना नळी आठवते, आणि मग नळी नाही हे समजावता समजावता मधुभाऊंचा अर्धा तास जाई. तिथे होते नुसते मोठाले आरसे, आभाळाकडे तोंड करून मांडलेले. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकांतून निघालेले गॅमा किरण आपल्या हवेत शिरले की निमिषभर फिका निळा उजेड पडतो, डोळ्यांना न दिसणारा. तो हे आरसे टिपत. चंद्र असला की त्याच्या उजेडात सगळं बुडून जाई. त्यामुळे काम अमावास्येच्या आगेमागेच चाले, आणि पावसाळा सोडला तर दर अमावास्येला मधुभाऊ घरातून गायब असत.

आता दर अमावास्येला जो माणूस बॅग भरून कुठल्याशा डोंगरावर जातो त्याच्याबद्दल मानपाडा रस्त्यावरच्या चारमजली इमारतीत काय बोललं जाईल, हे सांगायला नको. लक्ष्मीपूजनाला हा घरी नाही. तळमजल्यावरचे एक गृहस्थ एकदा दार लोटून हळूच आत आले आणि मेव्हण्याच्या दुकानावर कुणी काही केलंय का ते बघाल का, असं विचारू लागले. मधुभाऊंनी त्यांना खुर्चीत बसवून सगळं पहिल्यापासून समजावलं. दीर्घिका, किरण, आरसे, चंद्र. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे लिंबू-मिरची काही आणायला लागणार नाही?" मधुभाऊंनी त्या दिवशी जेवताना वरणाची वाटी आपटली, ती पोचा पडलेली वाटी पुढे कित्येक वर्षं घरात होती.

अमावास्येचं नवल न वाटणारी एकच बाई होती, शेवंती. खाडीकाठच्या कोळीवाड्यातून मासळीची पाटी घेऊन ती बुधवारी यायची. अमावास्येला पाण्याला उधाण येतं, आमचं काम चंद्रावर, यांचंही चंद्रावर, इतकं तिला पुरे होतं. एका बुधवारी बोंबील निवडता निवडता सरोजने तिला थट्टेने सांगितलं, की आमचे हे म्हणे दोन दीर्घिकांच्या मधल्या ओसाड पोकळीतलं लोहचुंबक मोजतायत. मधुभाऊ आतून बाहेर आले. थट्टा त्यांना सोसायची नाही. त्यांनी उंबऱ्यातच उकिडवं बसून शेवंतीला सांगितलं: लांबच्या दीर्घिकेत कधीकधी एकदम भडका उडतो आणि किरणांचा लोंढा सुटतो. बहुतेक किरण सरळ आपल्याकडे येतात. काही वाटेत ताऱ्यांच्या जुन्या उजेडावर आपटून फुटतात, त्यांचे विजेचे कण होतात. त्या पोकळीत चुंबकीय क्षेत्र असलंच, तर ते या कणांना जरासं वाकवतं. वाकडे झालेले कण पुढे पुन्हा गॅमा किरण जन्माला घालतात, जरा कमी ताकदीचे, आणि ते सरळ आलेल्यांपेक्षा उशिरा पोचतात. किती उशिरा, त्यावरून क्षेत्र किती ते कळतं. ते इतकं दुबळं आहे की मोजायला दुसरा उपाय नाही.

शेवंतीने मनातल्या मनात खाडीत होड्या सोडल्या आणि कोयता पुसत म्हणाली, "म्हंजे होऱ्या येकदम सुटल्या, आन् येक मागशी आली. मंग तिला वढ लागली आसल. वढ किती, ती होरीच सांगल."

मधुभाऊ आत गेले आणि सरोजला म्हणाले, पाटीवालीला कळलं, बी.ए. झालेल्या बाईला नाही. सरोजने त्या दिवशी बोंबील त्यांच्या ताटात वाढलेच नाहीत.

पठारावर मधुभाऊंचं काम वेळ राखायचं. रोज संध्याकाळी रेडिओवर वेळेच्या टिकटिका येत, त्यावर ते सगळी घड्याळं लावत आणि नोंदवहीत लिहीत. तारीख, किती वाजता लावलं, कशावरून लावलं, सही. ‘कशावरून’ या रकान्यात पानाच्या डोक्याला ‘रेडिओ’ आणि खाली नुसत्या दोन रेघोट्या, म्हणजे वरीलप्रमाणे. चोवीस वर्षं वरीलप्रमाणेच होतं. त्यांच्या मनगटावरचं घड्याळही आठवड्याला दोन सेकंदांच्या वर हलत नसे. पीएच.डी. झालेली माणसं त्यांना थांबवून वेळ विचारत, आणि मधुभाऊ ती सेकंदांसकट सांगत. ते स्वतः कुणाला वेळ विचारत नसत.

शहाण्णव सालच्या एप्रिलमध्ये कल्याणला त्यांची मेल चार मिनिटांनी चुकली. मधुभाऊंचं म्हणणं, माझं घड्याळ बरोबर होतं, तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस चुकला, रिक्षावाला चुकला आणि पुलावर आडवं गाठोडं ठेवणारी बाई तर अक्षम्य चुकली. सरोजने मनात काय ते ठरवलं.

मे महिन्यात सरोजच्या भाचीचं लग्न टिटवाळ्याला निघालं, नेमकं अमावास्येच्या दिवशीच. मुलाकडच्यांना पंचांगाशी देणंघेणं नव्हतं, हॉल त्याच दिवशी मिळत होता. पत्रिकेवर छापलेली वेळ अकरा सत्तेचाळीसची, अक्षता पडल्या साडेबाराला. मधुभाऊ मांडवात मनगटाकडे बघत दातओठ खात बसले. त्यामुळे ते पठारावर पोचले तेव्हा मोसमाची एकच रात्र उरली होती. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचा चंद्र मोठा होणार, मग पाऊस. सप्तर्षींच्या अंगाची जी दीर्घिका त्या वर्षी बघायची होती ती पुढच्या वर्षावर जाणार.

पठारावर दोन शेड होत्या. जुनीत जोरकस किरण टिपले जात आणि तिचं घड्याळ पक्कं होतं. दोन किलोमीटरवरची नवी शेड कमी ताकदीच्या किरणांसाठी होती. तिला जुन्या घड्याळाशी जोडणारी केबल उंदरांनी खाल्ली होती, म्हणून तिथे संगणकाच्याच घड्याळावर भागवत. दिवस मावळताना जनरेटर गचका देऊन बंद पडला. पुन्हा सुरू झाला तेव्हा संगणक एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी दाखवत होता, कारण त्याच्या आतला सेल मेला होता. आणि रेडिओचे सेल पाघळून त्यांना हिरवी बुरशी आली होती. नवे आणायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मधुभाऊंनी तिथे नसलेल्या सगळ्यांना नावं ठेवली. जुन्या शेडला फोन करून वेळ विचारता आली असती. पण मधुभाऊंनी वेळ विचारायची? त्यांनी मनगटाकडे पाहिलं, सात बावन्न, संगणकात सात बावन्न घातले, वहीत सात बावन्न लिहिले आणि ‘कशावरून’मध्ये सवयीने दोन रेघोट्या ओढल्या.

सकाळी आरशांवर ताडपत्र्या चढल्या, संगणक बंद झाला आणि रात्रभराच्या नोंदींची टेप घेऊन मधुभाऊ परतले.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग मनगटाकडे. दोन्ही घड्याळं अगदी जुळत होती. मधुभाऊंना भरून आलं. एकोणीस वर्षांनी का होईना, बाईने भिंतीवरचं घड्याळ बरोबर केलं. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं, प्रेमाने. सरोज हसायला लागली, ती थांबेचना. मग तिने सांगितलं, की भिंतीवरचं आहे तिथेच आहे, तुमचं मी पुढे केलंय. लग्नाहून आल्यावर तुम्ही झोपलात तेव्हा. या खेपेला मेल मिळाली की नाही?

मधुभाऊ ओरडले ते वरच्या मजल्यावर ऐकू गेलं. ज्या माणसाच्या वेळेवर दुर्बीण चालते त्याच्या मनगटावर तू चोरून हात घालतेस, असं बरंच. तेवढ्यात रेडिओवर सातच्या टिकटिका सुरू झाल्या. त्यांनी घड्याळाची चावी खसकन ओढली, काटे गरगर मागे फिरवले आणि सातवर आणून दाबले. काटे किती मागे आले ते पाहिलं नाही. जन्मभर सगळ्याची नोंद केलेल्या माणसाने ही एक नोंद रागाच्या भरात केली नाही. आणि पठारावरचा संगणक तर त्यांच्या ध्यानीमनीही नव्हता. त्यांच्या लेखी ती रात्र नेहमीसारखीच गेली होती.

ऑगस्टमध्ये बेडेकरबाईंनी त्यांना खोलीत बोलावलं. डॉक्टर मंदाकिनी बेडेकर या प्रयोगाच्या प्रमुख. कमी बोलणाऱ्या, शिसपेन्सिलीने बारीक लिहिणाऱ्या. त्यांच्यासमोर दोन आलेख होते. शेवटच्या रात्री त्या दीर्घिकेत भडका उडाला होता. जुन्या शेडच्या आलेखावर तो उंचवटा स्वच्छ दिसत होता. नव्या शेडच्या आलेखावरही होता, पण साडेअकरा मिनिटं उशिरा.

बाईंनी पेन्सिलीचं टोक त्या उशिराच्या उंचवट्यावर ठेवलं. कमी ताकदीचे किरण, मागून आलेले, भडक्याचा प्रतिध्वनीच, म्हणाल्या. याची सगळे वाट बघतायत, फणसे. नंतर त्यांनी आकडे मांडून दाखवले, साडेअकरा मिनिटांवरून त्या ओसाड पोकळीतलं क्षेत्र किती ते. आणि अखेरीस म्हणाल्या, की सगळं वेळेवर उभं आहे आणि वेळ तुमची आहे. लेखकांच्या यादीत तुमचं नाव घालतेय.

चोवीस वर्षांत मधुभाऊंचं नाव कशावरही छापून आलेलं नव्हतं. सोसायटीच्या पाटीवरदेखील ‘फणशे’ असं चुकीचं होतं. ते घरी आले आणि त्यांनी सरोजला चहा करून दिला. आठवडाभर ते कुणावर चिडले नाहीत, तेव्हा सरोजला काळजी वाटून तिने त्यांचा रक्तदाब तपासून घेतला. बातमी इमारतीत पसरली. तळमजल्यावरच्या गृहस्थांनी पेढे मागितले, शेवंतीने एक पापलेट फुकट टाकलं आणि गावातल्या वाचनालयाने ‘आकाशातील प्रतिध्वनी’ या विषयावर मधुभाऊंचं व्याख्यान ठेवलं. वेळ संध्याकाळी सहा.

मधुभाऊ सहाला पाच कमी असताना सभागृहात शिरले. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. त्यांनी चिटणिसांना जरा ताठ्यातच विचारलं, की घड्याळ दुरुस्त करत नाही का. चिटणीस हसून म्हणाले, "मधुभाऊ, तुम्ही डोंबिवलीचेच ना? दहा मिनिटं पुढेच ठेवलंय. नाहीतर सगळं उशिरा सुरू झाल्याचं दिसतं ना!" आणि लगेच स्वतःशीच घोटाळून म्हणाले, "म्हणजे तसंही उशिराच दिसतं म्हणा. आता खरे सहा वाजता सुरू केलं तरी यात सहा-दहा दिसणार."

मधुभाऊ त्या घड्याळाखाली उभेच राहिले. खरे सहा वाजता सुरू केलं तरी यात सहा-दहा. सात बावन्न. दोन रेघोट्या. सरोजचं हसू. नव्या शेडच्या संगणकात त्यांनी तीच पुढे केलेली वेळ घातली होती. मग त्यांना व्यासपीठावर नेण्यात आलं, हार घालण्यात आला आणि त्यांनी वीस मिनिटं काहीतरी सांगितलं, साडेअकरा मिनिटं सोडून सगळं. शेवटी एका निवृत्त मुख्याध्यापकांनी कडक मंगळावर या किरणांचा परिणाम होतो का, असं विचारलं. एरवी मधुभाऊंनी त्यांना सोलून काढलं असतं. त्या दिवशी ते नुसते, नाही, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेडेकरबाईंना त्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. बाईंनी कागदाच्या कडेला साडेअकरातून दहा वजा केले, मग बारा. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "नक्की किती पुढे होतं, फणसे? दहा असेल तर दीड मिनिट उरतं, आणि दीड मिनिटही पुरे आहे. बारा असेल तर काहीच उरत नाही. ताडून बघायला दुसरं काही नाहीये आपल्याकडे. तुम्ही सांगाल तेच."

संध्याकाळी सरोज भाजी निवडत होती. मधुभाऊ तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी विचारलं, की माझं घड्याळ तू किती पुढे केलंस. ती म्हणाली, मोजलं नाही, भिंतीवरच्याशी जुळवलं. मग भिंतीवरचं किती पुढे होतं? दहा. नक्की दहा?

"दहा म्हणजे दहा-बारा," सरोज म्हणाली. "चावी देताना काटा कधी जरा सरकतो. एवढं काय त्यात?"

त्यात काय ते मधुभाऊंनी सांगितलं. आवाज चढवून सुरुवात केली होती, पण मध्येच त्यांना ओरडण्याचाही कंटाळा आला. सबंध विश्वातली दोन दीर्घिकांमधली पोकळी आणि ती या बाईच्या दहा-बारामध्ये येऊन अडकावी, याचा त्यांना इतका संताप आला की तो बाहेरच पडेना. राग तिच्यावर नव्हता. काटे फिरवताना न बघणाऱ्या माणसावर होता, आणि त्या दोन रेघोट्यांवर.

सरोजने विळी बाजूला केली. "मग दहा लिहा. मी सांगते दहा. बाईंच्या समोर येऊन सांगते. रोज कोर्टात लोक शपथेवर याहून मोठं खोटं बोलतात, आणि मीच ते टाइप करते."

मधुभाऊंना तो मोह झाला, हे खोटं कशाला सांगा. दहा हा काही वाईट आकडा नव्हता. एकोणीस वर्षं ते स्वतःच सगळ्यांना दहा म्हणून सांगत आले होते. आणि कदाचित दहाच असेल. छापलेलं नाव त्यांच्या डोळ्यांसमोर दिसत होतं, ‘से’सकट बरोबर.

"खरं सांग," ते म्हणाले.

सरोजने भिंतीकडे पाहिलं. जणू ते घड्याळ मेमधलं काही सांगेल. "खरं म्हणजे मला माहीत नाही हो."

दुसऱ्या दिवशी मधुभाऊंनी बेडेकरबाईंकडून पठारावरची नोंदवही मागून घेतली. मे महिन्याचं शेवटचं पान काढलं. बाईंनी टंकलेल्या लेखातली प्रतिध्वनीची चार पानं काढून बाजूला ठेवली होती. उरलेल्या दीड पानावर भडक्याची तेवढी नोंद होती, आणि त्याला वेळ राखणाऱ्याची गरज नव्हती. नाव राहू दे का, असं बाईंनी विचारलं. मधुभाऊंनी नकारार्थी मान हलवली. मग पट्टी लावून त्या दोन रेघोट्या खोडल्या, शेजारी सही केली आणि ‘कशावरून’च्या रकान्यात, जागा अपुरी पडत होती म्हणून बारीक अक्षरात, लिहिलं: मनगटी घड्याळ. पुढे होते. किती, माहीत नाही.